गळितापूर्वी जुना ट्रक चालू करताना: सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

उसाच्या वाहतुकीतले जुने ट्रक पावसाळाभर उभे असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटायची वेळ आली की त्यांना पहिला सेल्फ (स्टार्टर मोटर) मारला जातो, आणि तिथेच अडतं. यातल्या बऱ्याच गाड्या टाटाच्या १२१० किंवा १६१२ आहेत: सहा सिलेंडरचं ६९२ किंवा ६९७ इंजिन, मायकोचा इनलाइन डिझेल पंप, २४ व्होल्टची वायरिंग. ६९७चा बोअर ९७ मिमी, स्ट्रोक १२८ मिमी, एकूण ५,६७५ सीसी. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. त्यामुळे दोष शोधायला मल्टीमीटर, पाने, पारदर्शक नळीचा तुकडा आणि थोडा धीर एवढं पुरतं. लेलँड किंवा आयशरच्या अशाच पंपाच्या गाड्यांना तपासायचा क्रम हाच लागू पडतो, फक्त आकडे त्या त्या इंजिनाच्या पुस्तकातले घ्यायचे.

डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबलेली हवा तापून ५०० अंशांच्या पुढे जाते आणि त्या हवेत फवारलेलं डिझेल स्वतःच पेटतं. त्यामुळे तीनच गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरणं, वेळेवर आणि नीट फवारलेलं डिझेल, आणि कॉम्प्रेशन. तपासही याच क्रमाने करायचा. गॅरेजमध्ये मात्र बऱ्याचदा उलटं होतं. गाडी धरली नाही की पहिला पंप उतरतो, कारण पंप हा सगळ्यांचा आवडता संशयित. पंप कॅलिब्रेट होऊन परत येतो, बिल होतं, आणि गाडी पुन्हा तशीच, कारण बॅटरीचा लग (केबलच्या टोकाची पकड) गंजलेला होता किंवा टाकीकडची नळी हवा ओढत होती.

सुरुवातीला गाडी न्यूट्रलमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा. सॉलेनॉइडवर (सेल्फवरच्या विजेच्या स्विचवर) पाना टेकवून सेल्फ फिरवायची सवय असेल तर गिअर आधी हाताने हलवून खात्री करा. गिअरमध्ये राहिलेली गाडी सेल्फवरसुद्धा पुढे सरकते.

धूर काय सांगतो

मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहा. दहा सेकंदांत धुराचा मागमूस नसेल तर सिलेंडरपर्यंत डिझेलच पोचत नाही. कॉम्प्रेशन, टॅपेट (वाल्व्हची फट) यांच्या मागे लागू नका, सरळ डिझेलच्या लाइनकडे जा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल आत जातं आहे पण पेटत नाही. मग कारण वेग, कॉम्प्रेशन, टायमिंग (डिझेल पडायची वेळ) किंवा नोझल (डिझेल फवारणारं तोंड) यांतलं एक. काळा धूर क्वचित दिसतो; दिसला तर एअर क्लीनर आधी उघडा.

पांढरं पण वास नसलेलं, वाफेसारखं काही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशा गाडीत सेल्फ मारताच इंजिन धक्का बसून जागीच थांबलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळी नोझल काढा आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर येतं का पाहा.

एक शून्य खर्चाची तपासणी इथेच उरका. केबिनमधली स्टॉपची (इंजिन बंद करायची) मूठ सोडा आणि पंपावरचा स्टॉपचा लिव्हर पूर्ण मागे येतो का ते खाली जाऊन डोळ्यांनी पाहा. पावसाळ्यात केबल आत गंजते, लिव्हर अर्ध्यावर अडकतो आणि पंप डिझेल देत नाही किंवा अपुरं देतो. केबिनमधली मूठ जागेवर दिसते म्हणून कोणाला शंका येत नाही. केबल पंपाकडून मोकळी करा, लिव्हर हाताने मागे न्या, सेल्फ मारा. धरली तर नुसत्या केबलवर काम संपलं.

सेल्फचा वेग

सेल्फ 'बरा फिरतोय' हे कानाने ठरवू नका. क्रँक पुलीवर खडूची रेघ मारा, स्टॉप ओढून धरा म्हणजे इंजिन धरणार नाही, दहा सेकंद सेल्फ मारा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण घ्या. दहा सेकंदांत २५ फेरे म्हणजे मिनिटाला १५०. एवढा वेग असेल तर बॅटरी-सेल्फ सोडून पुढे जा. १००च्या आसपास असेल तर थंडीत ही गाडी धरणं अवघड: पिस्टन सावकाश वर येतो, हवा रिंगांवरून निसटते, जी उरते तिची उष्णता सिलेंडरच्या गार भिंती खातात. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, तिथे दुपारी एका सेल्फवर धरणारी गाडी पहाटे अजिबात दाद देत नाही, ती याच कारणाने. तिथे जाड तेलही आडवं येतं. २०डब्ल्यू-५० भरलेलं असेल तर १५डब्ल्यू-४० घालून पाहा, सेल्फच्या वेगात फरक कळतो.

वेग कमी असेल तर आता मल्टीमीटर. रात्रभर उभ्या गाडीत प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. मग सेल्फ चालू असताना पुन्हा प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. जी ९.६च्या खाली जाते ती गेली. दोन्ही मिळून २४ मोजत बसलात तर एका चांगल्या बॅटरीमागे दुसरी मेलेली लपते.

आणि ती दुसरी मरते कशाने? टेप, एलईडी पट्ट्या, मोबाइलचा चार्जर यांसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेले असतात. ती बॅटरी रोज उपाशी राहते आणि अल्टरनेटर दोघींना एकाच मापाने चार्ज करत असल्याने दुसरी उकळते, तिचं पाणी आटतं. नवीन जोडी आणली तरी वर्षभरात हेच होतं. २४चे १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, तो बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. एक नवी आणि एक जुनी बॅटरी जोडणं हाही तोच प्रकार. हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) असेल तर चार्ज झालेल्या बॅटरीचा प्रत्येक सेल १२४०च्या आसपास किंवा वर हवा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० अंकांनी खाली असेल तर ती बॅटरी चार्जरला लावण्यात अर्थ नाही.

बॅटऱ्या ठीक निघाल्या तर केबल. मीटरचा एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, लगवर नाही, शिशाच्या खांबावरच. दुसरा पिन इंजिन ब्लॉकच्या कोऱ्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. तसंच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत मोजा. तिथे एक व्होल्टपर्यंत चालतं. दोन बॅटऱ्यांना जोडणारी आखूड केबलही विसरू नका. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसिसला जाणारी अर्थची पट्टी हाच करंटचा परतीचा रस्ता. ती कुजली की करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून, गेजच्या नळीतून वाट काढतो. सेल्फ मारताना अशी एखादी तार गरम लागली तर निदान तिथेच झालं. पट्टी बदला, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडा, मग बोल्ट आवळा.

व्होल्टेज सगळीकडे बरोबर आणि तरी सेल्फ जड फिरतो, विशेषतः गरम झाल्यावर, तर सेल्फ उतरवा. बुश झिजले की आर्मेचर पोलवर घासतं. नुसता एकदा 'टक' होऊन गप्प बसला तर सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात. 'टकटकटक' असा सलग आवाज आला तर पुन्हा बॅटरीकडे. कोणत्याही तपासणीत सेल्फ सलग दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

डिझेल: रात्रीत परत जाणारी लाइन

जुन्या गाड्यांत सगळ्यात जास्त सापडणारा दोष इथे असतो. टाकी पंपापेक्षा खाली, त्यामुळे फीड पंपापर्यंत डिझेल ओढून आणावं लागतं. या ओढीच्या बाजूला बारीक फट असली तर डिझेल गळत नाही, हवा आत शिरते. गाडी चालू असताना कळतही नाही. रात्री उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरतं आणि सकाळी पंप रिकामा. जमिनीवर थेंब नाही म्हणून 'लाइन ठीक आहे' म्हणणं चूक.

सकाळी सेल्फ मारण्याआधी फीड पंपावरच्या हातपंपाची मूठ सोडवा आणि वीस-पंचवीस वेळा मारा. मग सेल्फ मारा. रोज रडणारी गाडी आज पटकन धरली तर दोष लाइनचाच, बाकी काही उघडू नका. मूठ काय सांगते तेही लक्षात घ्या. काही वेळा मारल्यावर ती कडक झाली तर लाइन भरली. कितीही मारा, हलकीच राहिली तर हवा येते आहे किंवा फीड पंपाचे वाल्व्ह बसत नाहीत. ओढलेली मूठ सोडताच आपोआप आत खेचली गेली तर ओढीची बाजू चोंदली आहे: टाकीतली जाळी, फीड पंपाखालच्या वाटीतली जाळी, किंवा आतून सुटून झडपेसारखं बसणारं रबरी होजचं अस्तर.

टाकीच्या झाकणाची हवेची भोकंही तपासा. चार महिने उभ्या गाडीत कुंभारमाशी नेमकी तिथे मातीचं घर करते. झाकण सैल केल्यावर हवा ओढल्याचा 'सुस्स' आवाज आला तर भोक बंद आहे.

फट शोधायला फीड पंपाच्या ओढीच्या टोकाला फूट-दोन फूट पारदर्शक डिझेल नळी क्लिप लावून बसवा आणि इंजिन चालवा. बुडबुडे दिसले की टाकीकडून सुरुवात करून प्रत्येक जोडावर बोटाने जाड ग्रीस थापत या. ज्या जोडावर ग्रीस लावताच बुडबुडे थांबले, तो जोड. बहुतेकदा बॅन्जो बोल्टाखालचं (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टाखालचं) तांब्याचं वॉशर असतं. तेच वॉशर पुन्हा आवळून उपयोग नाही, ते एकदा दबलं की कडक होतं, नवीन टाका. तरी शंका राहिली तर पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा उंच बांधा आणि त्यातून सरळ फीड पंपाला डिझेल द्या. कॅनवर रात्र काढून सकाळी पहिल्या सेल्फला धरली, तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या भागात आहे. पंप निर्दोष सुटला.

पाणी पाहायला पहिल्या फिल्टरच्या तळाचा ड्रेन सोडून अर्धा लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड, ते तळाला बसतं. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आत दव धरतं, म्हणून गाडी उभी करताना टाकी भरून ठेवलेली बरी. तळाशी तपकिरी, बुळबुळीत थर दिसला तर टाकीत जंतू वाढलेत. नुसते फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागते.

एअर काढायची ती क्रमाने. पहिल्या फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हातपंप मारा, फेस जाऊन डिझेलची सलग धार आली की मूठ चालू असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर. मग पंपाच्या गॅलरीचा (पंपात डिझेल भरून राहतं त्या पोकळीचा) स्क्रू. शेवटी हातपंपाची मूठ दाबून घट्ट फिरवून बसवा. ती सैल राहिली तर तिच्यातूनच हवा जाते, आणि ही चूक फार जण करतात. त्यानंतर नोझलकडच्या दोन-तीन पाइपांचे नट एक फेरा सैल करून सेल्फ मारा. धडधडीत थेंब उडायला लागले की नट आवळा. इथे बोट लावून 'येतंय का' पाहायचं नाही. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडीखाली शिरतं आणि बाहेरून टाचणीएवढी दिसणारी जखम बोट घालवू शकते. तसं झालंच तर वाट न पाहता इस्पितळ गाठा. धार पाहायला पुठ्ठा धरा.

गॅलरीपर्यंत भरपूर डिझेल, स्टॉपचा लिव्हर मोकळा, आणि तरी सहाही पाइप कोरडे असतील तर पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) चिकटला आहे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुनं डिझेल गोंदासारखं होतं. पंपाचं बाजूचं झाकण काढा, स्वच्छ डिझेल मारा, रॅक बोटाने हळू मागेपुढे करा. हातोडी, पेचकस यांचं इथे काम नाही. रॅक मोकळा केल्यावर पहिला सेल्फ मारताना एअर इनटेकचा पाइप सोडून ठेवा आणि एक सपाट जाड फळी हाताशी घेऊन माणूस उभा करा. रॅक पूर्ण डिझेलवर अडकला तर इंजिन पळतं आणि स्टॉप ओढूनही थांबत नाही. मग इनटेकच्या तोंडावर फळी दाबणं एवढाच उपाय उरतो. हाताचा तळवा नाही, फळीच.

पांढरा धूर, वेगही चांगला

सेल्फचा वेग दीडशे, पाइपांत डिझेल, आणि तरी नुसता पांढरा धूर. मग नोझल काढून टेस्टरवर लावा. पुस्तकातल्या दाबावर उघडायला हवं, फवारा सगळ्या भोकांतून सारखा आणि धुक्यासारखा हवा. उघडायच्या दाबाच्या २० बार खाली दाब धरून दहा सेकंद थांबा. टोकावरून थेंब पडला तर नोझल बदला. नोझल परत बसवताना खालचं जुनं तांब्याचं वॉशर आतच राहिलं नाही ना ते टॉर्च मारून पाहा. दोन वॉशर एकावर एक बसले की नोझलचं टोक वर राहतं आणि नवीन नोझलसुद्धा पांढरा धूर देतं.

नोझल बाहेर आहेत तोवर कॉम्प्रेशन मोजून घ्या. डिझेलचा गेज लागतो, पेट्रोल गाडीचा फुटतो. चांगल्या इंजिनात सेल्फच्या वेगाला साधारण २२ ते २८ बार मिळतात, पण आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा चारेक बारने खाली असेल तर त्यात चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर, इंजिन तेल घालून पुन्हा मोजा. त्याहून जास्त तेल घालू नका. दाब चढला तर रिंगा किंवा लायनर, चढला नाही तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. वाल्व्हचा संशय असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेट सेट करून पाहा. टॅपेट घट्ट असेल तर वाल्व्ह पूर्ण बसतच नाही. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम खाली असतील तर मधलं गॅस्केट.

टायमिंग शेवटी. पंपाच्या कपलिंगचे बोल्ट सैल झाले की पंप मागे सरकतो आणि डिझेल उशिरा पडतं: सकाळी पांढरा धूर, चढाला ओढ कमी, इंजिन नेहमीपेक्षा जास्त गरम. कपलिंगवरच्या खुणा जुळतात का पाहा. स्पिल टायमिंग (पंपातून येणारी डिझेलची धार थांबते त्या क्षणावरून लावायचं टायमिंग) इंजिनाच्या पुस्तकातल्या अंशांवर करा. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

हीटर प्लग (गार इंजिन धरावं म्हणून आतली हवा तापवणारा प्लग) कुठे आहे, असंही कोणी विचारतं. ६९७ डायरेक्ट इंजेक्शनचं आहे, म्हणजे डिझेल सरळ सिलेंडरमध्ये फवारलं जातं, त्याला हीटर प्लग नसतो. तो जुन्या सुमोच्या ४८३सारख्या इनडायरेक्ट इंजिनांत. पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरशी धरायची पद्धत मात्र दोन्हीकडे चालते आणि दोन्हीकडे वाईट. पेट्रोल पिस्टन वर पोचायच्या आधीच भडकतं, रिंगा तुटतात, आणि कॉम्प्रेशन होतं त्याहून खाली जातं. एकदा ती सवय लागलेलं इंजिन पुढे बोळ्याशिवाय धरत नाही, ते यामुळेच.

गार असताना धरते, गरम झाल्यावर नाही

वजनकाट्याच्या रांगेत बंद केली आणि परत धरेना, अशी तक्रार असेल तर दोन जागा. गरम सेल्फ जड होतो का ते वेग मोजून पाहा. वेग बरोबर असेल तर पंपाचे एलिमेंट (डिझेलला दाब देणारे आतले दट्टे) झिजलेत: गरम डिझेल पातळ होतं आणि सेल्फच्या कमी वेगात एलिमेंटच्या फटीतून निसटतं, नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. रॉकेल मिसळलेल्या डिझेलवर चाललेल्या पंपांत हे लवकर येतं, कारण एलिमेंटला वंगण डिझेलचंच असतं. आता पंप उतरवायला हरकत नाही.

उतरवण्याआधी एक नंबर सिलेंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणा, कपलिंगवर छिन्नीची खूण करा, सगळ्या पाइपांची तोंडं झाका. बेंचवाल्याला 'कॅलिब्रेशन करा' एवढंच सांगू नका. पंपाच्या मिनिटाला १०० फेऱ्यांवर, म्हणजे सेल्फच्या वेगाच्या आसपास (पंप इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो), सहाही एलिमेंट किती डिझेल देतात ते मोजून लिहून मागा. जास्त वेगाला झिजलेला पंपही बऱ्यापैकी आकडे दाखवतो, फरक या खालच्या वेगाला उघडा पडतो. नवीन एलिमेंट टाकले तर डिलिव्हरी वाल्व्हही पाहून घ्या. पाटीवर 'मायको' असलेल्या पंपाचे भाग आता बॉश नावाने मिळतात, कंपनीचं नाव २००८मध्ये बदललं. पाटीवरचा पूर्ण क्रमांक फोटो काढून सोबत न्या, नुसतं '१६१२चा पंप' सांगून आणलेला एलिमेंट वेगळ्या व्यासाचा निघू शकतो. पंप परत चढवल्यावर त्याच्या पोटातलं तेल लेव्हलपर्यंत भरा, एअर काढा, आणि पहिला सेल्फ मारताना पुन्हा ती फळी हाताशी ठेवा.